प्राणिसंग्रहालये पाहावीत, पण शेतकऱ्याच्या नजरेने!

आमच्या शाळेची सहल एकदा शहरातले प्राणिसंग्रहालय पाहायला गेली होती. पोरे सांभाळायला माणसे कमी पडत होती म्हणून गुरुजींनी माझ्या आजोबांनाही गाडीत घेतले. आम्ही मुले वाघाच्या पिंजऱ्यापुढे गर्दी करून उभी होतो. आजोबा मात्र पलीकडच्या एका अस्वलापुढे थांबले ते हलेचनात. ते अस्वल चार पावले पुढे जाई, मान झटकी, चार पावले मागे येई, पुन्हा मान झटकी. लोक हसत होते. "बघा, कसं नाचतंय!" असे कोणी तरी म्हणाले. आजोबा म्हणाले, "नाचत नाही ते. सारा जन्म एका जागी गेलेलं जनावर असंच करतं. डोकं फिरलंय बिचाऱ्याचं."

पुढे एका पशुवैद्यांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी आजोबांचे निदान अचूक ठरवले. कोंडलेल्या जनावराला हुंगायला, उकरायला, शोधायला काहीच राहिले नाही की ते एकच हालचाल दिवसभर करीत राहते. कायम खुंट्याला असलेली गाय जीभ वळवत बसते, घोडा जागच्या जागी झुलतो, त्यातलाच हा प्रकार. शाळेत न गेलेल्या माणसाला हे उमगले, कारण त्याचा जन्म गोठ्यात गेला होता.

आज ही आठवण सांगण्याचे कारण असे की, आपल्या खेड्यातली माणसेही आता दूरदूरच्या सहलीला जाऊ लागली आहेत. कुणाचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे, कुणाची लेक-जावई सिंगापूरला किंवा अमेरिकेत आहेत. आईवडील भेटीला जातात आणि "आज कुठे जायचे?" असा प्रश्न निघाला की नातवंडे एकमुखाने प्राणिसंग्रहालयाचे नाव घेतात. जगात अशी संग्रहालये खूप आहेत. त्यांतली काही आवर्जून पाहावीत अशी आहेत, काहींकडे फिरकू नये अशी. ही निवड करायला आपल्यासारखा जनावरे राखणारा माणूस शहरातल्या माणसापेक्षा जास्त लायक आहे. तेव्हा चला, थोडे फिरून येऊ.

राजाच्या बागेपासून सुरुवात

आज चालू असलेले जगातले सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे आहे. त्याचे नाव शॉनब्रुन. राणी मारिया थेरेसा हिचा पती सम्राट फ्रान्सिस याने ते १७५२ साली राजवाड्याच्या बागेत उभारले. म्हणजे पानिपतच्या लढाईच्या नऊ वर्षे आधी. मधोमध एक सुंदर मंडप आणि त्याच्याभोवती गोलाकार, पोळीचे तुकडे करावेत तशी जनावरांची आवारे, अशी त्याची रचना. राजाने मंडपात बसून न्याहारी करावी आणि चहूकडची जनावरे न्याहाळावीत, असा त्यामागचा हेतू. तो मंडप आजही आहे आणि आता तेथे तुम्हाआम्हांलाही न्याहारी करता येते.

अडीचशेहून अधिक वर्षांत तिथला विचार मात्र पालटला. जुनी चिंचोळी आवारे जोडून मोठी केली. १९०६ साली येथे हत्तीचे पिल्लू जन्मले. कोंडलेल्या स्थितीत गर्भ राहून प्राणिसंग्रहालयात जन्मलेले ते पहिले पिल्लू मानले जाते. त्यापुढची बातमी तर आपल्याला अगदी घरची वाटेल. २००१ साली याच ठिकाणी अबू नावाचा हत्ती जन्मला, तो कृत्रिम रेतनातून. युरोपात असे प्रथमच घडले. आपण गाईम्हशींसाठी गावात डॉक्टर बोलावतो, तेच शास्त्र हत्तिणीपर्यंत पोहोचले. फरक इतकाच की हत्तीण बावीस महिने गाभण असते!

गज गेले, खंदक आले

जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात हागेनबेक यांचे संग्रहालय आहे. कार्ल हागेनबेकचा बाप मासे विकणारा. १८४८ साली कोळ्यांच्या जाळ्यात सील नावाचे समुद्रप्राणी सापडले, ते त्याने पैसे घेऊन लोकांना दाखवले, आणि घराण्याचा धंदाच बदलला. मुलगा जनावरांचा मोठा व्यापारी झाला. १९०७ साली त्याने जे संग्रहालय उघडले, त्यात लोखंडी गज नव्हते. कोणते जनावर किती लांब आणि किती उंच उडी घेते हे तपासून त्याने त्या मापाचे खंदक खोदले. पाहणाऱ्याला खंदक दिसत नाही, समोर मोकळा सिंह दिसतो. रानडुकरे येऊ नयेत म्हणून आपण शेताच्या कडेने चर खोदतो, तीच युक्ती. पुढे जगभर हीच पद्धत गेली.

या माणसाच्या नावावर एक डागही आहे. त्याने दूरदेशीची गरीब माणसेही आणून जनावरांप्रमाणे प्रदर्शनात मांडली. त्या काळी ते लोकांना गैर वाटत नव्हते. आज ऐकूनही मान खाली जाते. पाहण्याच्या हौसेला लगाम नसला की माणूस कोणत्या थराला जातो, हे यावरून ध्यानात यावे.

लंडनची पशुगणना

लंडनचे प्राणिसंग्रहालय १८२८ सालचे. आधी ते फक्त शास्त्रज्ञ सभासदांसाठी होते, १८४७ पासून सर्वांना खुले झाले. सापांसाठी वेगळे घर १८४९ मध्ये, माशांसाठी काचेच्या टाक्यांचे घर १८५३ मध्ये येथेच जगात पहिल्यांदा झाले. आपण मोठ्या वस्तूला 'जंबो' म्हणतो, तो शब्दही जगभर पसरला तो इथल्या जंबो नावाच्या आफ्रिकन हत्तीमुळे. तो १८६५ साली लंडनला आला, हजारो मुले त्याच्या पाठीवर बसली. १८८२ साली संग्रहालयाने त्याला एका अमेरिकन सर्कसवाल्याला विकले, तेव्हा देशभर हळहळ झाली. तीन वर्षांनी कॅनडात आगगाडीच्या धडकेने तो मेला.

येथे दरवर्षी जानेवारीत होणारा एक कार्यक्रम आपल्याला आवडेल. त्या वेळी सगळ्या जनावरांची मोजदाद होते. आपल्याकडे पशुगणनेला तलाठी किंवा डॉक्टर येतात, तसे तिथले रखवालदार पाटी-पेन्सिल घेऊन पेंग्विन मोजत फिरतात. मुंग्यांची मात्र एक वसाहत एक धरतात, कारण मोजणार कोण! उन्हाळ्यात वजने घेतात. कोणाला खाऊची लालूच दाखवून काट्यावर चढवतात, कोणाला पट्टीशेजारी उभे करतात. जनावर खंगत चालले की आधी वजनात कळते, हे दुधाचा धंदा करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी. शहरातली जागा हत्तींना अपुरी पडते हे ओळखून २००१ साली लंडनच्या संग्रहालयाने आपले हत्ती सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या व्हिप्सनेड येथे हलवले. ती याच संस्थेची सहाशे एकरांची मोकळी जागा आहे. लोकांना हत्ती हवे असतात, तिकिटे त्यांच्यावर खपतात, तरीही हलवले. आपल्या वकुबाबाहेरचे जनावर ठेवू नये, हा शहाणपणा.

जर्सी गाईच्या बेटावर

आता ज्या संग्रहालयाकडे मी तुम्हांला मुद्दाम नेणार आहे, त्याच्या गावाचे नाव तुमच्या गोठ्यात रोज घेतले जाते. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रात जर्सी नावाचे बेट आहे. लांबी चौदा-पंधरा किलोमीटर, रुंदी सात-आठ. आपल्या संकरित गाईंत ज्या जर्सीचे रक्त आले, तिचे हे माहेर. बेटावरच्या लोकांनी अठराव्या शतकापासून बाहेरच्या गाईंना बंदी करून हे वाण शुद्ध राखले, म्हणून ते जगाला मिळाले.

त्याच बेटावर १९५९ साली जेराल्ड डरेल नावाच्या माणसाने एक जुना दगडी वाडा आणि भोवतालची जमीन घेऊन प्राणिसंग्रहालय काढले. हा डरेल जन्मला आपल्याकडे, जमशेदपूरला, १९२५ साली. त्याचे वडील येथे इंजिनिअर होते. मूल पहिला शब्द बोलले तो 'आई' नव्हे, 'झू', असे त्याची आई सांगे. तरुणपणी तो संग्रहालयांसाठी आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून जनावरे पकडून आणी. ते करता करता त्याच्या मनाला लागले की, एक मेले की दुसरे आणायचे, असे किती दिवस चालणार? रान तर आटत चालले आहे. मग त्याने पुस्तके लिहून पैसा उभा केला आणि स्वतःचे संग्रहालय काढले. त्याचा नियम एकच. गर्दी खेचणारी जनावरे गोळा करायची नाहीत. जी जात नाहीशी होत चालली आहे, मग ती दिसायला कितीही साधी असो, तिची जोडी राखायची, वीण वाढवायची आणि जमेल तेव्हा तिच्या रानात परत सोडायची.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे संग्रहालय म्हणजे बियाण्याची कणगी. दुष्काळात घरात दाणा नसला तरी जाणती बाई बियाण्याच्या कणगीला हात लावू देत नाही. ते खाण्यासाठी नसते, पुढच्या पेरणीसाठी असते.

या कणगीतून पेरणी झालीही. मॉरिशस बेटावर आपली मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. तिथे गुलाबी रंगाचे एक कबूतर आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. १९९० च्या सुमारास रानात त्याची दहाच्या आसपास पाखरे उरली होती. जर्सीत आणि मॉरिशसमध्ये पिंजऱ्यात वाढवलेली पाखरे सोडत सोडत ती संख्या चारशेच्या वर गेली. आपल्या आसाममध्ये वीतभर उंचीचे एक रानडुक्कर आहे, गवताळ रानात राहणारे. रानडुकराचे नाव काढताच आपल्या कपाळाला आठी पडते, पण हे बिचारे कोणाचे पीक उद्ध्वस्त करणारे नव्हे, जगातून जायला निघालेले. डरेलच्या संस्थेने आसामातल्या लोकांबरोबर १९९६ पासून सहा डुकरांवर त्यांची पैदास सुरू केली आणि २००८ पासून ती रानात सोडली जात आहेत.

याच संग्रहालयात १९८६ साली घडलेला एक प्रसंग मुलांना जरूर सांगा. पाच वर्षांचा एक मुलगा कठड्यावरून गोरिलांच्या आवारात पडला आणि बेशुद्ध झाला. गोरिलांचा नायक जांबो नावाचा, पाठीवर रुपेरी केस असलेला प्रचंड नर होता. तो मुलाजवळ आला. वर आईबाप आणि शेकडो लोक ओरडत होते. जांबो मुलाच्या आणि बाकीच्या गोरिलांच्या मधे उभा राहिला, हळूच त्याच्या पाठीवरून बोटे फिरवली. मूल शुद्धीवर येऊन रडू लागले तेव्हा तो आपल्या कळपाला घेऊन आत निघून गेला, आणि रखवालदारांनी मुलाला वर काढले. जांबो १९९२ साली वारला. तिथे त्याचा पुतळा आहे.

अमेरिकेतला थंडगार गोठा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन दिएगो येथे १९१६ साली स्थापन झालेले संग्रहालय जगप्रसिद्ध आहे. शहरात जे प्रदर्शन भरले होते त्यातली उरलेली जनावरे घेऊन एका डॉक्टरने ते सुरू केले. १९७२ साली त्यांनी शहराबाहेर अठराशे एकरांवर दुसरे ठिकाण उघडले. तिथे गेंडे, जिराफ, हरणे यांचे कळप मोकळे चरतात आणि माणसे गाडीत बसून हिंडतात.

पाहुण्यांना दिसत नाही, पण सर्वांत मोलाची गोष्ट तिथे टाक्यांत आहे. कृत्रिम रेतनाला येणाऱ्या डॉक्टरांच्या हातातली, झाकण उघडताच धूर निघणारी टाकी आपण पाहिली आहे. आत द्रव नायट्रोजन असतो, शून्याखाली १९६ अंश थंड. तशाच टाक्यांत येथे हजाराहून अधिक जातींच्या प्राण्यांच्या जिवंत पेशी गोठवून ठेवल्या आहेत. मंगोलियातल्या रानघोड्याच्या १९८० साली गोठवलेल्या पेशींतून २०२० साली एक शिंगरू जन्माला घातले गेले. कणगीच ही, फक्त मातीऐवजी पोलादाची.

येथेच कॉन्डर पक्ष्याची कथा ऐकावी. हा मेलेली जनावरे खाणारा, गिधाडासारखा अवाढव्य पक्षी. शिकाऱ्यांच्या शिशाच्या गोळ्या लागून मेलेली जनावरे खाऊन त्याला विष भिनले. १९८७ साली जगात अवघे २७ उरले, तेव्हा सगळेच्या सगळे पकडून संग्रहालयांत आणले. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून रखवालदार हातात कॉन्डरच्या डोक्याची बाहुली घालून त्यांना घास भरवीत. १९९२ पासून ते पुन्हा सोडले जाऊ लागले. आज एकूण पाचशेहून अधिक आहेत.

आपल्या गावावर घिरट्या घालणारी गिधाडे कुठे गेली, याचे उत्तरही याच जातीचे आहे. जनावराला सूज-वेदना असली की डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देत. ते जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. काही जातींची शंभरातली नव्व्याण्णव गिधाडे गेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवरही. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास करणारे केंद्र आहे. तिथली पाखरे २०२४ साली आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. त्यांचे जगणे आता आपल्या गोठ्यावर अवलंबून आहे. डॉक्टरांना सांगून मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना न बाधणारे औषध मागावे, एवढे तर आपल्या हातात आहे.

सिंगापूरची रात्र

दिवसा वाघ-अस्वले बहुधा झोपलेली असतात आणि मुले हिरमुसतात. सिंगापूरने यावर तोड काढली. १९७३ साली सुरू झालेल्या त्यांच्या संग्रहालयाला लागून १९९४ मध्ये रात्रीचे प्राणिसंग्रहालय उघडले, जगातले पहिले. चांदण्यासारखा मंद उजेड, आवाज न करणारी गाडी, आणि दोन्ही बाजूंना जागी जनावरे. रात्रीच्या लाइटीला पाणी धरायला जाणाऱ्या आपल्या माणसाला हे दृश्य नवे नाही. पण मुलाबाळांसह, भीती न बाळगता खवले मांजर आणि अस्वल पाहायचे तर ते तिथेच.

याच सिंगापूरमध्ये इनुका नावाचे पांढरे ध्रुवीय अस्वल होते, उष्ण प्रदेशात जन्मलेले पहिले. २०१८ साली म्हातारपणी ते गेले. पुन्हा असे अस्वल आणायचे नाही, हे संग्रहालयाने आधीच ठरवले होते. बर्फातल्या जिवाला विषुववृत्तावर ठेवू नये, हे पटायला वेळ लागला, पण पटले.

आपल्या आसपास

परदेश जमला नाही म्हणून खट्टू होऊ नये. मैसूरचे संग्रहालय १८९२ सालचे, राजेसाहेबांनी उभारलेले, झाडीने गच्च. जुनागढचे सक्करबाग १८६३ सालचे. गीरच्या सिंहांची पैदास तिथे झाली आणि तिथले सिंह देशोदेशी गेले. २०२५ च्या मोजणीत गीर परिसरातल्या रानात ८९१ सिंह भरले. दार्जिलिंगचे १९५८ चे संग्रहालय तर थंड हवेतल्या जनावरांसाठीच आहे. हिमबिबटा आणि तांबडा पांडा यांची वीण तिथे होते, आणि तांबडे पांडे रानात सोडलेही गेले. पुण्याला पेशवे पार्कातल्या दाट वस्तीतून जनावरे कात्रजच्या मोकळ्या जागेत नेली. मुंबईची राणीची बाग आणि तिथले पेंग्विन तर आपल्या मुलांच्या तोंडी आहेत.

जाताना एवढे ध्यानात ठेवा

सकाळी दार उघडताच आत शिरावे, त्या वेळी जनावरे हिंडती-फिरती असतात. आठवड्यातून एक दिवस बहुतेक ठिकाणी सुट्टी असते, मैसूरला मंगळवारी, राणीच्या बागेत आणि कात्रजला बुधवारी. निघण्याआधी खात्री करावी. पायांत सवयीच्या चपला असाव्यात, चालणे फार होते. जनावराला खायला घालू नये, खडे मारू नयेत, ओरडू नये. आपल्या देशात तो कायद्याने गुन्हा आहे.

आणि मग आपली नजर लावावी. पाणी स्वच्छ आहे का? उन्हातान्हात सावली आहे का? लोकांच्या नजरेआड जाऊन बसायला आडोसा आहे का? कळपात राहणारे जनावर एकटे ठेवले आहे का? खूर वाढलेत का, अंगावर तकाकी आहे का? यंदा पिल्ले झाली का, आणि त्यांचे पुढे काय होणार? रखवालदाराला विचारावे. ज्याचे जनावरांवर प्रेम आहे तो आनंदाने सांगतो. जिथे वाघाच्या छाव्याबरोबर फोटो काढायला पैसे घेतात, हत्तीला स्टुलावर उभे करतात, अस्वलाला नाचवतात, तिथे तिकीट काढू नये. आपल्या पैशावरच ते चालते.

घरी परतल्यावर मुलांना "किती जनावरं बघितलीस?" असे विचारू नका. "कोणतं जनावर सुखात दिसलं, आणि कोणतं नाही?" असे विचारा. मुले बरोबर सांगतात. तीही गोठ्यातच वाढलेली असतात.